वाटा आधी, जाळं नंतर : रापणीकडून शिकूया धंद्यातलं टीमवर्क आणि मार्केटिंग



तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर गेला असाल, तर रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहून ओढायला लागतात. एका बाजूने घाई केली तर जाळं तिरकं होतं आणि हाती आलेली मासळी निसटते. टीमवर्क म्हणजे काय, हे समजवायला मला कुठलीही स्लाईड दाखवावी लागत नाही. मी म्हणतो, एकदा रापण बघून या.

पण खरा धडा जाळं किनाऱ्याला लागल्यावर सुरू होतो. मासळी विकली जाते आणि पैशाचे वाटे पडतात. कष्टाचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, जाळ्याचा वेगळा. वाटेने जाणाऱ्या माणसाने दोराला हात लावला तरी त्याच्या हातावर चार मासे पडतात. तिथे कोणी रोज नव्याने हिशेब मांडत नाही, कारण तो आधीच ठरलेला असतो. आमच्याकडचे एक जुने रापणकर म्हणायचे, "वाटो आधी ठरवचो, जाळा मगे टाकूचा."

हे वाक्य मी वेळेवर ऐकलं असतं, तर माझा एक मित्र आज माझा मित्र राहिला असता.

आमचा धंदा का बुडाला?

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून मालवणी मसाला आणि कोकम आगळ विकायला सुरुवात केली. मी पूर्ण वेळ द्यायचो. दुसऱ्याच्या घरी कांडप मशीन होतं. तिसऱ्याने रोख पैसे घातले आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात बसायचा. कागदबिगद काही केला नाही. "आपल्यात कसला हिशेब?" हे वाक्य तिघांनीही मोठ्या प्रेमाने म्हटलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिसऱ्याला मुंबईत नोकरी लागली. तो गेला, पण नफ्यातला तिसरा हिस्सा मागत राहिला. आम्ही म्हटलं, काम आम्ही करतो, तुला कशाचे पैसे? तो म्हणाला, पैसे घातले तेव्हा गोड लागले ना? मित्रांनो, तो चुकीचा नव्हता आणि आम्हीही नव्हतो. चूक होती न ठरवलेल्या वाट्याची. सहा महिन्यांत धंदा बंद झाला. आमच्या वाडीत गणपतीत सगळे एकमेकांच्या घरी आरतीला जातात. तो अजूनही आमच्या घरी येत नाही.

रापणीचं गणित धंद्यात कसं बसवायचं?

उदाहरण घेऊ. समजा महिन्याची विक्री 60,000 रुपये आणि माल, बाटल्या, वीज, प्रवास धरून खर्च 36,000 रुपये. उरले 24,000. आता लगेच वाटून घेऊ नका! आपल्याकडे पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, पर्यटक आटतो, पण घरखर्च थांबत नाही. म्हणून आधी 20 टक्के, म्हणजे 4,800 रुपये, पावसाळ्यासाठी बाजूला काढा. उरले 19,200.

आता याचे सहा वाटे करा. पूर्ण वेळ देणाऱ्याचे कष्टाचे दोन वाटे. अर्धवेळ दोघांचा एक-एक. मशीनचा एक. भांडवलाचा एक. एक वाटा झाला 3,200 रुपयांचा. आमच्या तिघांच्या बाबतीत हिशेब केला तर प्रत्येकाला 6,400 मिळाले असते.

आणि तिसरा मुंबईला गेल्यावर? त्याचा कष्टाचा वाटा थांबला, भांडवलाचा चालू राहिला. सहाचे पाच वाटे झाले. उत्पन्न तेवढंच राहिलं तर एक वाटा 3,840 रुपयांचा. तो त्याला जातो, बाकीचे चार आम्हा दोघांचे. झालं! ज्यावर आमची मैत्री तुटली, ते भांडण दोन ओळींचं होतं.

तुमचे वाटे वेगळे असतील. आकडा महत्त्वाचा नाही, तो आधी लिहिणं महत्त्वाचं. सोबत आणखी दोन गोष्टी लिहा : कोणी बाहेर पडला तर त्याचं भांडवल किती दिवसांत परत करायचं, आणि कोणत्या कामात शेवटचा शब्द कोणाचा. दोघांनी दोन वेगळे भाव सांगितले की गिऱ्हाईक तिसऱ्या दुकानात जातं.

गिऱ्हाईकाला माहीत नाही, हे लक्षात ठेवा

आता मार्केटिंग. आपण लेबलवर "अस्सल", "घरगुती", "पारंपरिक" असं लिहितो. अहो, बाजारातली प्रत्येक बाटली तेच म्हणते! पुण्याहून आलेल्या ताईंना आगळ आणि अमृत कोकम यातला फरकच माहीत नसतो. आगळात मीठ आधीच असतं, अमृत कोकमात साखर. ताई आगळ घेऊन जातात, सोलकढी करतात, सवयीने वरून मीठ घालतात आणि सगळं खारट होतं. दोष कोणाला? तुमच्या बाटलीला. म्हणून मोठ्या अक्षरात लिहा : "यात मीठ आहे. चव बघूनच आणखी घाला." खाली सोलकढीची चार ओळींची कृती. ही छोटी चिठ्ठी महागड्या जाहिरातीपेक्षा जास्त काम करते, कारण पदार्थ जमला की माणूस परत मागवतो.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण ते बोधचिन्ह आपल्या बाटलीवर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती करा. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय नोंदणीही हवीच.

जे रोज बघता, तेच विका

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला 2017 पासून कांदळवन सफर चालवतात. कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची त्यांना साथ मिळाली. महिला स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकाला झाडं, पक्षी, खाडी समजावून सांगतात. यात नवीन काय होतं? खाडी तीच, कांदळवन तेच. नवीन होतं ते एवढंच, की आपल्याला साधं वाटणारं ज्ञान बाहेरच्या माणसाला हवंय, हे कोणीतरी ओळखलं आणि गटाने मिळून ते उभं केलं.

तुमचा होमस्टे असेल तर "एसी रूम, वायफाय" एवढंच लिहू नका. सकाळी रापण बघायला नेता का? आई घावणे करताना पाहुण्याला चुलीशेजारी बसू देते का? ते लिहा. गुगल मॅपवर ठिकाण अचूक टाका, फोटो या वर्षीचे लावा आणि जे दाखवलंय तेच द्या.

चाकरमानी तुमच्या टीममध्ये आहे

गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतो. आपण त्याला दोन बाटल्या विकतो आणि विसरतो. त्याला दोरी धरायला द्या! परवानगी घेऊन त्याचा नंबर ठेवा. त्याच्या सोसायटीतल्या दहा घरांची ऑर्डर त्याने एकत्र दिली, तर त्याचाही वाटा ठरवा : एक बाटली, नाहीतर रोख काही टक्के. दोराला हात लावणारा रिकाम्या हाताने जात नाही, हा रापणीचा नियम इथेही पाळा. पाऊस पडत असताना तुमचा माल डोंबिवलीत विकला जात असेल, तर बाजूला काढलेल्या त्या 4,800 ला हात लावायची वेळ कमी येईल.

आजचा गृहपाठ

आज रात्री जेवण झाल्यावर तुमच्या भागीदाराला बोलवा. भागीदार बायको असेल, भाऊ असेल, तरीही. एका कागदावर तीन ओळी लिहा : वाटे किती आणि कोणाचे, पावसाळ्यासाठी किती टक्के, कोणी बाहेर पडला तर काय. खाली सगळ्यांच्या सह्या. लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. त्या अवघडलेपणाची दहा मिनिटं आम्ही तिघांनी टाळली होती.

यंदा गणपतीत मीच त्याच्या घरी आरतीला जाणार आहे. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, वाटा आधी, जाळं नंतर!