‘कुठे आहेस?’ ही काळजी की ताबा? समजून घ्या

आखाजी आली की चोपडा तालुक्यात झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. पण एखादीला ‘यंदा नको जाऊ’ असं सांगितलं जातं. भांडण नाही, मारहाण नाही. फक्त परवानगी नाही. याला घरात कोणी हिंसा म्हणत नाही.

नियंत्रण म्हणजे नेमकं काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित महिलांना नवऱ्याच्या वागण्याबद्दल थेट प्रश्न विचारले जातात:

- परपुरुषाशी बोललं की तो चिडतो का?
- चारित्र्यावर वारंवार संशय घेतो का?
- मैत्रिणींना भेटू देत नाही का?
- माहेरच्यांशी संबंध कमी करायला बघतो का?
- कायम ‘कुठे आहेस’ हे कळलंच पाहिजे, असा हट्ट धरतो का?

यात गावाचा काय संबंध?

बायकोला मोकळीक देणाऱ्याला पारावर ‘बायकोच्या ताटाखालचं मांजर’ म्हणतात. सासू म्हणते, ‘आम्ही कधी न विचारता उंबरा ओलांडला नाही.’ माहेरचे म्हणतात, ‘थोडं सहन कर.’ मनातून न पटणारा नवराही मग चार लोकांसाठी कडक वागतो. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना हेच मान्य आहे. म्हणून कोणीच पहिलं बोलत नाही.

४४ देशांतल्या पाहण्यांवर आधारित अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. बाईच्या वागण्यावर पुरुषाचा हक्क असतो असं जिथे मानलं जातं, तिथे जोडीदाराकडून होणारी हिंसा जास्त, असं त्यात दिसलं.

देशाचे आकडे (२०१९-२१)

- बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा: ४२ टक्के महिलांना.
- काही कारणांसाठी नवऱ्याने मारणं योग्य, असं मानणाऱ्या महिला ४५ टक्के, पुरुष ४४ टक्के.
- शारीरिक वा लैंगिक हिंसा झालेल्यांपैकी मदत मागणाऱ्या: फक्त १४ टक्के.

दुसरा आकडा पुन्हा वाचा. नियम फक्त पुरुषांच्या डोक्यात नाही. तो दोघांनीही लहानपणापासून घरात पाहिलेला असतो.

पैसा हातात आला तर?

फरक पडतो, पण आपोआप नाही. ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपये पात्र महिलेच्या खात्यात येतात. एटीएम कार्ड आणि ओटीपीचा मोबाइल मात्र नवऱ्याच्या खिशात असेल, तर खातं तिचं आणि व्यवहार त्याचा.

कायदा काय म्हणतो?

कौटुंबिक हिंसाचार कायदा (२००५) फक्त मारहाणीपुरता नाही. मानसिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. घटनेची नोंद करण्याच्या सरकारी नमुन्यात घराबाहेर पडू न देणं आणि ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं हेही लिहिलेलं आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. शेजारी किंवा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२, तर मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. ही मदत महिलेला उत्पन्नाची अट न लावता मिळते.

ओळखायचं कसं?

‘पोहोचलीस का?’ ही काळजी. ‘कोणाला विचारून गेलीस?’ हा ताबा. काळजीला ‘नाही’ म्हणता येतं. ताब्याला ‘नाही’ म्हणायची भीती वाटते.

येत्या आखाजीला एखादी लेक आली नाही, तर ‘कामात असेल’ म्हणून सोडून देऊ नका. फोन करा. तिच्याशीच बोला.