मिक्सर, रेडिओ आणि सासूबाई

सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला, की बाहेरच्या खोलीतून सासूबाईंची हाक ठरलेली, "अगं, बातम्या लागल्यात!" त्या ऐकतात मध्यम लहरींवरचं केंद्र. मिक्सरच्या मोटरमधूनही विद्युत लहरी निघतात आणि बिचाऱ्या रेडिओला निवेदक कोण नि मिक्सर कोण हे कळत नाही. म्हणून ती खरखर.

आमच्या महिला मंडळात डिजिटल रेडिओचा विषय निघाला आणि माहिती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पडले मराठी घेऊन बी.ए. झालेली! इंजिनिअर भाच्याला छळून सगळं समजून घेतलं. यात आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतात आणि त्याचे आकडे, म्हणजे शून्य आणि एक, हवेतून पाठवतात. वाण्याला फोनवर यादी सांगताना आपण म्हणतोच ना, "साखर दोन किलो, दोन बरं का, एक नि एक दोन!" तसे इथेही पडताळणीचे जादा आकडे सोबत जातात. वाटेत थोडे गळले तरी रेडिओ ते भरून काढतो. शिवाय एका केंद्राच्या जागेत एकाहून जास्त कार्यक्रम बसतात. मात्र फारच आकडे गळले, तर खरखरसुद्धा नाही, आवाजच बंद.

आणि जुन्या रेडिओला हे आकडे वाचताच येत नाहीत. नॉर्वेत २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम टप्प्याटप्प्याने बंद झालं, तेव्हा घराघरांत नवे संच, गाड्यांत अडॅप्टर घ्यावे लागले. आपल्या आकाशवाणीने 'डीआरएम' ही पद्धत निवडली. तिच्यासाठी मध्यम लहरींचे ३५ प्रक्षेपक बसवले. त्यावरून जुनं आणि डिजिटल प्रक्षेपण शेजारी शेजारी चालवता येतं. मला यातली हीच गोष्ट मोलाची वाटते. मी ज्या वस्तीत जाते, तिथल्या आज्या सेलवरच्या छोट्या रेडिओवर दिवस काढतात. बिघडला तर कोपऱ्यावरचा दुकानदार दुरुस्त करून देतो. त्यांना नवा संच कोण घेऊन देणार?

घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी रेडिओवरची धूळ पदराने पुसली.

"म्हणजे माझा हा भंगारात?"

"जुनं प्रक्षेपण चालू आहे तोवर नाही, आई."

"मग तू मिक्सर बातम्यांनंतर लाव."