रिकामी कळशी बुडत नाही

आज बोलायचंय पोहण्याबद्दल. "आता या वयात कुठं पोहायचं?" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. हे आपल्या लेकींसाठी आहे.

विहिरीत कळशी सोडली की आधी ती तरंगते. दोराला हिसका देऊन आडवी केली की गुडगुड करत पाणी आत शिरतं आणि मगच ती बुडते. पोहण्याचं निम्मं शास्त्र यातच आहे. आपली छाती म्हणजे ही कळशी. श्वास भरून घेतला की बहुतेकांचं अंग पाण्यावर राहतं, सोडला की बुडायला लागतं. पण पाणी आपल्याला उचलतं ते जेमतेम, तोंड वर राहील इतकंच. घाबरलेली पोर दोन्ही हात वर करून ओरडते. हात बाहेर आले की त्यांचं ओझं अंगावर पडतं, ओरडताना छातीतली हवा जाते, आणि ती खाली जाते.

दुसरी गोष्ट तराजूची. हवा छातीत, वजन पायांत. मान वर ताणली की पाय खाली जातात आणि अंग उभं होतं. म्हणून आधी उताणं तरंगायला शिकवावं : कान पाण्यात, नजर आभाळाकडं, पोट वर, हात पसरलेले. दमलेल्या माणसाला हेच वाचवतं.

तिसरी गोष्ट ताटाची. हौदात ताट कडेनं ओढलं तर सरसर जातं, सपाट धरून ओढलं तर पाणी अडवतं. पोहताना अंग ताटाच्या कडेसारखं आडवं, सरळ ठेवायचं आणि तळवा सपाट ताटासारखा धरून पाणी मागं लोटायचं. पाय गुडघ्यातून नाही, मांडीपासून हलवायचे.

यात ताकदीपेक्षा श्वास आणि तोल मोठा. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे फौजी. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहून त्यांनी सुवर्णपदक आणलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पायांत बळ नसताना माणूस पोहू शकतो, तर आपली धडधाकट लेक का नाही?

आता शिकवायचं कसं? पूर्वी पोराला विहिरीत ढकलून देत. त्यानं भीती बसते. भ्यालेलं अंग ताठ होतं, श्वास अडतो, मान वर जाते, म्हणजे बुडायला लावणारं सगळं एकदम होतं. भोपळा किंवा पत्र्याचा डबा पाठीला बांधायची रीत मात्र शहाणपणाची. आतली हवा आधार देते, अंगाला तोल कळतो, मग आधार हळूहळू कमी करायचा. पण डबा बांधला म्हणून पोरीला एकटं सोडायचं नाही.

सुरुवात घरच्या परातीत करा. तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, वर येऊन श्वास घ्यायचा. मग कमरेइतक्या पाण्यात तरंगणं, मग काठाला धरून पाय मारणं, शेवटी हात. पोहणारं मोठं माणूस पाण्यात हाताशी हवंच.

बांगलादेशात गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन, तळ्यात बांबूचे माचे बांधून मुलामुलींना असंच शिकवतात. 25 मीटर पोहता आलं आणि 30 सेकंद तरंगता आलं की मूल शिकलं. शाळकरी मुलांना पोहणं शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. जगात 2021 या एका वर्षात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, असा तिचा अंदाज आहे.

आपल्याकडं पोरं बापाबरोबर विहिरीत उतरतात, पोरी काठावर धुणं धुतात. नांदेडला गोदावरी, लातूरला मांजरा आणि तेरणा, आणि आता रानोरान शेततळी. शेततळ्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळानं गुळगुळीत होतो. पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तिथं गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडा आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरासह ठेवा.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. एकीला वाचवायला दुसरी जाते आणि दोघी जातात. आरडाओरडा करा, काठावर पालथं पडून साडी, ओढणी, काठी पुढं करा, कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटं धरू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा आणि 108 ला फोन लावायला सांगा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा : आपल्या गावात कोणत्या बाईला पोहता येतं? आणि कोणत्या शेततळ्याला दोर नाही? पहिलीला गुरू करा, दुसऱ्याला दोर बांधा.