छेद लहान की मोठा?



आपल्या ओळखीतल्या एखाद्या बाईचे पित्ताशय दुर्बिणीने काढलेले असते. पोटावर टिकलीएवढे तीन-चार टाके, आणि दोन दिवसांत बाई घरी. मग दुसऱ्या एखादीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, की घरची माणसे डॉक्टरांना म्हणतात, "दुर्बिणीनंच करा की! उगाच पोट कशाला फाडायचं?" म्हणणे साहजिक आहे. पण या रोगात ते बरोबर आहे का, ते पाहू.

रोग लहान आणि मुखापुरताच असला, की गर्भाशय, त्याचे मुख, योनीचा वरचा थोडा भाग आणि भोवतालचा आधार काढून टाकतात. हे काम पोट उघडून होते, तसेच बारीक छिद्रांतून, पोटात वायू भरून, दुर्बीण आणि लांब हत्यारे घालूनही होते. दुर्बिणीने रक्त कमी जाते, रुग्णालयातले दिवस वाचतात. जुन्या नोंदींत दोन्हींचा गुण सारखाच दिसे.

पण जुन्या नोंदींनी न्याय होतोच असे नाही. शिक्षकबंधूंनो, एका तुकडीत हुशार मुले निवडून बसवली, तर निकालावरून गुरुजी जोखता येतील का? म्हणून २००८ साली निराळी परीक्षा सुरू झाली. निरनिराळ्या देशांतल्या ३३ रुग्णालयांत ६३१ स्त्रियांची, चिठ्ठी टाकावी तशी, दोन गटांत वाटणी झाली. दुर्बीण कमी पडत नाही, हे दाखवावे, हा हेतू होता.

घडले उलटे. देखरेख समितीला फरक दिसला आणि २०१७ साली नव्या स्त्रिया घेणे थांबले. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया शेकडा, पोट उघडलेल्या गटात सुमारे ९६, दुर्बिणीच्या गटात ८६. म्हणजे शंभरांत दहांचा फरक! २०२४ सालच्या अखेरच्या निकालानेही तेच सांगितले.

असे का व्हावे? गर्भाशय हलवण्यासाठी आत घातलेल्या हत्याराने रोगाच्या पेशी सांडत असतील, किंवा वायूमुळे पसरत असतील, असा तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही.

याचा अर्थ दुर्बीण वाईट, असा मात्र नव्हे. पित्ताशयाला ती उत्तमच. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगातही ती चालते. औषध रोग पाहून द्यायचे, तसेच हत्यारही.

तेव्हा भगिनींनो, अशी वेळ आलीच तर डॉक्टरांना संकोच न करता विचारा, "माझ्या रोगात कोणत्या पद्धतीनं जास्त बायका बऱ्या राहिल्या?" टाक्याचा व्रण लुगड्याआड झाकतो, परत आलेला रोग झाकत नाही. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर लाजेपायी दिवस घालवू नका. रोग लहान असतानाच ही निवड हाती असते.