ताळेबंदाचा अन्वय

एकत्र कुटुंबांत पैशाचा व्यवहार वडीलधाऱ्यांनीं पाहावा आणि मुलांनीं पुस्तकांत डोकें घालावें, अशी आमच्या हिंगोलीच्या घराची जुनी रीत. ती सोडण्याची वेळ आली आहे असें मला कां वाटूं लागलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

माझी नात येथील महाविद्यालयांत बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षास आहे. मुंबईस सिडनहॅम कॉलेज १९१३ सालीं निघालें. पण आमच्या भागांतील मुलींस ही विद्या फार काळ दूरचीच होती. १९९४ सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालें, आणि ती उंबरठ्याशीं आली. वित्तीय विवरणांचें विश्लेषण हा नातीच्या अभ्यासाचा एक विषय. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या मला वाटे, बेरीज-वजाबाकीचें शास्त्र तें काय असणार?

गतवर्षीं माझ्या निवृत्तीच्या पुंजीपैकीं कांहीं रक्कम एका पतसंस्थेंत ठेवण्याचें चाललें होतें. व्याज बँकेहून दोन टक्के अधिक, अहवाल सुबक, नफा चढता. माझे धाकटे बंधू नाना यांनीं आपली रक्कम आधींच ठेविली होती. त्या वेळीं नातीनें अहवाल मागितला असतां, "हें तुझें काम नव्हे," असें म्हणून मींच तिला गप्प केलें होतें. या खेपेस मात्र तिनें तो हट्टानें घेतला.

तिची वाचण्याची पद्धत पाहून मला माझा वर्ग आठवला. श्लोक समोर आला कीं आधीं पदच्छेद, मग अन्वय, आणि शेवटीं अर्थ. एकटें पद फारसें कांहीं सांगत नाहीं. दुसऱ्याशीं संबंध लागला म्हणजे तें बोलूं लागतें. आंकड्यांचेंही तसेंच. नफा दहा लक्ष, हें एकटें पद. तो किती भांडवलावर, गतवर्षीं किती होता, त्यांतला हातीं किती आला, हें जुळविणें हा अन्वय.

मी विचारलें, "मालमत्ता तर देण्याहून अधिक दिसते?"

ती म्हणाली, "आजोबा, एखाद्याची वीस एकर जमीन आहे, पण या महिन्याचें वाण्याचें देणें भागवावयास घरांत रुपया नाहीं. त्याला तुम्ही सुस्थितींत म्हणाल का?"

वर्षाच्या आंत द्यावयाच्या रकमेशीं वर्षाच्या आंत हातीं येणारी रक्कम ताडून पाहणें, यास चालू गुणोत्तर म्हणतात. व्यापारांत तें दुप्पट असावें असा संकेत आहे; परंतु तो धंद्याधंद्यानें बदलतो.

मग तिनें 'येणें व्याज' या ओळीवर बोट ठेविलें. कर्जदारांनीं न दिलेलें व्याज उत्पन्नांत धरलें होतें. तें वगळतां नफा उरतच नव्हता. थकबाकी तीन वर्षें सारखी वाढत होती. जुन्या ठेवीदारांचें व्याज नव्या ठेवींतून जात असावें, असें रोकडीच्या हिशेबावरून दिसे. शिवाय बँकेंतील ठेवीस २०२० पासून पांच लक्ष रुपयांपर्यंत विम्याचें जें संरक्षण आहे, तें पतसंस्थेंतील ठेवीस नाहीं, हेंही तिनेंच सांगितलें.

मी रक्कम ठेविली नाहीं. चार महिन्यांनीं त्या संस्थेनें ठेवी परत करणें थांबविलें. नानांचे पैसे अद्याप अडकलेले आहेत, आणि मुलीस गप्प केल्याचें शल्य मला आहे.

या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनीं ७ जानेवारी २००९ रोजीं कबूल केलें कीं, हिशेबांत दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकीं ५,०४० कोटी अस्तित्वांतच नव्हते. पाठच खोटा असेल तर शुद्ध अन्वयाचा काय उपयोग? म्हणून एका वर्षाच्या अहवालावर विसंबूं नये. तीन-चार वर्षांचे अहवाल, त्यांतील बारीक अक्षरांतल्या टिपा व लेखापरीक्षकाचे शेरे एकमेकांशीं ताडावे. आणि इतकें करूनही सारी पुंजी एके ठिकाणीं ठेवूं नये.

आतां आमच्या घरीं ठेव ठेवण्यापूर्वीं अहवाल नातीपुढें जातो, आणि नानाही शेजारीं बसून ऐकतात. ज्यांच्या घरीं वाणिज्य शिकणारें मूल आहे, त्यांनीं त्याची विद्या परीक्षेपुरती समजूं नये, एवढीच विनंती.