हेडलाइट उजळला, पण टिकणार किती?

चौफुल्याहून मोरगावला जाणारा रस्ता सुप्यावरून जातो. बारामती तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. ऊन कडक, धूळ भरपूर. शिवाय गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या चालू असतात व कित्येकींना मागे दिवा नसतो. गाडीचा हेडलाइट अंधुक असेल तर ट्रॉली दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हेडलाइट उजळण्याचे काम आम्ही केवळ शोभेचे मानत नाही.

अॅम्बेसेडर, पद्मिनीच्या दिव्यांना काच होती. ती पिवळी पडत नसे. आजच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक असते व त्यावर कंपनीचा संरक्षक थर असतो. उन्हातील अतिनील किरणांनी हा थर खराब झाला की प्लॅस्टिक पिवळे व धुरकट होते. अमेरिकेतील 'एएए' या मोटारचालक संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत असे दिवे नव्याच्या अवघा २० टक्के उजेड देऊ शकतात, असे आढळले. दुरुस्तीनंतर तो ७० टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे गिऱ्हाइकाला "अगदी नवा करून देतो" असे सांगू नये.

कामाची रीत सोपी आहे. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावावी. पाणी मारत ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पिवळा थर काढावा. मग १०००, १५०० व २००० नंबर वापरावेत. दर वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते कळते. थिनर लावू नये. त्याने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. आत ओल किंवा तडा असेल तर वरून घासून उपयोग नाही.

अनेक कारागीर यानंतर बफिंग करून गाडी देतात. टूथपेस्टचा उपाय तर त्याहून कच्चा. घासताना कंपनीचा थर निघून गेलेला असतो. उघडे प्लॅस्टिक उन्हात काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. यासाठी अतिनील किरण अडवणारा हार्डनरचा क्लिअर कोट मारावा. त्याआधी पॉलिश लावू नये, कारण मेण राहिल्यास कोट धरत नाही. या कोटची वाफ फुप्फुसांना घातक असते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य मास्क व मोकळी हवा हवी.

कोटचा खर्च वाढतो, हे खरे. तेव्हा दोन दर ठेवावेत आणि बिलावर 'कोटसह' की 'कोटविना' हे स्पष्ट लिहावे. चार महिन्यांनी पिवळा दिवा घेऊन परतलेले गिऱ्हाईक गावभर उस्तादाचे नाव घेते, पण ते चांगल्या अर्थाने नव्हे.