आग विझल्यानंतरचे मोजमाप : विमेदार, सर्व्हेअर आणि दावा

बुलढाणा जिल्ह्यात कापूस आणि आग यांचे वैर जुने आहे. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला तो मुख्यतः खामगावच्या कापूस बाजारासाठी. त्या बाजाराच्या आधाराने या परिसरात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. कापसाबरोबर आलेला एखादा खडा किंवा खिळा यंत्रात सापडून ठिणगी उडाली, तर हंगामभराची खरेदी काही तासांत भस्मसात होऊ शकते. अशा वेळी विम्याची पॉलिसी हाताशी असली म्हणजे काळजी मिटली, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आग विझल्यावर नुकसानीचे मोजमाप सुरू होते, आणि हाती किती रक्कम पडणार हे त्या मोजमापावर अवलंबून राहते.

अमेरिकेत या कामासाठी ‘पब्लिक ॲडजस्टर’ नावाचा एक व्यवसायच आहे. कंपनीचा माणूस नुकसान मोजण्यास येतो, तसा मालकाच्या बाजूनेही एक जाणकार उभा राहतो. तो पॉलिसीतील अटी वाचतो, नुकसानीची यादी करतो, कंपनीशी वाटाघाटी करतो आणि मिळालेल्या भरपाईतून टक्केवारीने मेहनताना घेतो. बहुतेक राज्यांत त्याला परवाना घ्यावा लागतो. फ्लोरिडा राज्याने तर त्याच्या मेहनतान्यावर कायद्याने मर्यादाही घातली आहे.

भारतीय विमा कायद्यात मालकाच्या बाजूच्या अशा परवानाधारक ॲडजस्टरची तरतूद नाही. आपल्याकडे नुकसान मोजतो तो ‘सर्व्हेअर व लॉस असेसर’. १९३८ च्या विमा कायद्यातील कलम ६४-यूएम हा त्याचा आधार होय. ठराविक रकमेपेक्षा मोठ्या नुकसानीचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय निकालात काढता येत नाही, असे हे कलम सांगते. परवाना भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण देते. त्याची नेमणूक सर्वसाधारणपणे विमा कंपनी करते व फीही तीच देते. त्यामुळे हा कंपनीचाच माणूस आहे, असे विमेदारास वाटणे स्वाभाविक आहे. नियम मात्र त्याने निःपक्षपातीपणे काम करावे असे बजावतात, आणि विमेदाराने मागणी केल्यास अहवालाची प्रत त्याला मिळाली पाहिजे. ही प्रत लेखी अर्ज करून मागावी; तिच्यावाचून पुढील कोणतीही दाद मागणे म्हणजे अंधारात चाचपडणे आहे.

मुदतींविषयीही विमेदार बहुधा अनभिज्ञ असतो. प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार, जेथे सर्व्हेअर आवश्यक आहे तेथे नुकसानीची खबर मिळाल्यापासून २४ तासांत त्याच्याकडे काम सोपविले गेले पाहिजे, १५ दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. अर्थात खबर देण्याचे काम विमेदाराचेच आहे. दूरध्वनीवर खबर दिली असली तरी त्याच दिवशी ती लेखी द्यावी व पोच जपून ठेवावी.

ॲडजस्टर नसल्याने त्याचे बरेचसे काम मालकालाच करावे लागते. कापसाच्या गाठी आतून कित्येक दिवस धुमसत राहतात. त्या फोडून, पसरून विझवाव्या लागतात. सर्व्हेअर येण्यापूर्वी काही हलवावयाचे नाही, अशा समजुतीने माल तसाच जळू देणे चूक आहे, कारण नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी पॉलिसीने विमेदारावरच टाकलेली असते. हलविण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, गाठी मोजाव्यात, आणि अर्धवट जळालेला माल फेकून न देता वेगळा रचून ठेवावा. त्याची किंमत भरपाईतून वजा होत असल्यामुळे ती कशी ठरते याकडे लक्ष असावे. नगरपरिषदेच्या अग्निशमन दलाचा दाखला आणि पोलिसांकडील नोंद ही कागदपत्रे लगोलग मिळवावीत.

त्यानंतर प्रश्न येतो आगीपूर्वी माल किती होता याचा. बाजार समितीच्या खरेदीच्या पावत्या, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, साठा नोंदवही, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि बँकेला दरमहा दिलेले साठ्याचे पत्रक हे सर्व सर्व्हेअर एकमेकांशी ताडून पाहतो. कर्जाची मर्यादा वाढावी म्हणून बँकेला अधिक साठा दाखविणारा आणि कर वाचावा म्हणून वह्यांत कमी दाखविणारा व्यापारी येथे स्वतःच्याच कागदांत अडकतो. त्याला कोणताही ॲडजस्टर सोडवू शकणार नाही.

सर्वांत मोठी निराशा होते ती कमी रकमेच्या विम्यामुळे. समजा, एका कारखान्यात आगीच्या दिवशी ८० लाखांचा माल होता, विमा ६० लाखांचा होता आणि १६ लाखांचा माल जळाला. मालक म्हणतो, विमा ६० लाखांचा आहे, तेव्हा १६ लाख मिळालेच पाहिजेत. परंतु मालाच्या तीनचतुर्थांश किमतीचाच विमा उतरविल्यामुळे भरपाईही तीनचतुर्थांश, म्हणजे १२ लाख धरली जाते. त्यातूनही पॉलिसीतील ठरावीक वजावट होते. एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असणाऱ्या लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. तीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते. याच उदाहरणात विमा ७० लाखांचा असता तर तूट साडेबारा टक्के भरली असती आणि ही कपात झाली नसती. कापसाचा साठा ऐन हंगामात फुगतो व उन्हाळ्यात ओसरतो. म्हणून विम्याची रक्कम दसऱ्यापूर्वी पुन्हा तपासून घेणे इष्ट ठरते.

घरांच्या बाबतीत ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी अधिक उदार आहे. तीत कमी विम्याबद्दलची वरील कपात नाही, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपये, घरातील सामानाचे संरक्षण आपोआप मिळते. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने घरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी गावात महसूल यंत्रणेचे पंचनामे होतात. हा पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. तो झाला म्हणजे विमा कंपनीला खबर पोहोचली असे होत नाही. मात्र पाणी कोठवर चढले, भिंत कोणती पडली, याचा तो भक्कम पुरावा असतो. त्याची प्रत दाव्याला अवश्य जोडावी. पीक विम्याचे नियम याहून सर्वस्वी निराळे असल्याने त्यांची गल्लत येथे करू नये.

अहवाल प्रतिकूल आला तरी तो अखेरचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या २००९ मधील निकालात सर्व्हेअरच्या अहवालापासून सबळ कारण असल्यास दूर जाता येते, हे स्पष्ट केले. दुसरी भीती असते ती ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’ अशा पावतीवर सही करण्याची. बँकेचे व्याज चढत असते, मजुरांचे पैसे थकलेले असतात, आणि कमी रक्कम घेऊन सही करण्यावाचून गत्यंतर नसते. असाच प्रश्न अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या कापूस व्यवसायातीलच एका संस्थेच्या प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फसवणूक, दडपण किंवा दिशाभूल करून घेतलेली सही विमेदाराचा हक्क बुडवीत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सक्ती झाली हे दाखविण्याची जबाबदारी मात्र विमेदारावर राहते. म्हणून रक्कम अमान्य असल्याचे पत्र त्याच सुमारास कंपनीला पाठविणे फार मोलाचे ठरते.

दाद मागण्याची सुरुवात कंपनीकडे लेखी तक्रार करून होते. महिनाभरात उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. बुलढाणा जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे. येथे शुल्क नाही आणि वकील चालत नाही. व्यक्ती, एकल मालकीचा व्यवसाय व सूक्ष्म उद्योग यांना ही सोय असून लोकपाल ५० लाख रुपयांपर्यंत भरपाई देऊ शकतात. निवाडा विमेदाराने स्वीकारला पाहिजे असे बंधन नाही. कंपनीस मात्र तो ३० दिवसांत पाळावा लागतो.

दावा गुंतागुंतीचा असेल, साक्षीपुरावा तपासावा लागणार असेल, तर बुलढाण्यातील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग अधिक उपयोगी. येथे मुदत २ वर्षांची आहे. २०१९ च्या कायद्यानुसार अधिकारक्षेत्र मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावर ठरते. हप्ता ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. विमेदारास आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईस वा चेन्नईस असले तरी मलकापूरच्या दुकानदाराला तेथवर जावे लागत नाही. एकच प्रकरण एकाच वेळी लोकपाल आणि आयोग या दोन्हींपुढे चालविता येत नाही. तेव्हा कोठे जावयाचे हे अर्ज करण्यापूर्वीच निश्चित करावे लागते.